येळवसेची भज्जी आणि रोजचे ताट

मार्गशीर्ष अमावास्येच्या दिवशी औसा शहर आणि तालुक्यातील गावे दुपारपर्यंत ओस पडतात. लातूर-धाराशिव परिसरात ‘येळवस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सणाला घरोघरची मंडळी शेतात जातात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते व सग्यासोयऱ्यांसह पंगती बसतात. आंबिल, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर असे पदार्थ असले तरी त्या दिवशी खरा मान भज्जीचा. तुरीचे व हरभऱ्याचे कोवळे दाणे, वाटाणा, गाजर, वांगी, मेथी, चुका, कांद्याची पात असे जे जे हिरवे मिळेल ते एकत्र शिजवून त्यास हरभऱ्याच्या पिठाचे आळण लावावयाचे. आहारशास्त्राचा सबंध धडाच त्या पातेल्यात असतो.

परंतु हा धडा वर्षातून एकदाच गिरविला जातो. एरवी भाकरी, वरण आणि तोंडी लावण्यापुरती भाजी हाच बहुतेक घरांचा शिरस्ता आहे. डाळींच्या व्यापारासाठी लातूरचे नाव देशभर असल्याने वरणाची वाण नाही. उणीव आहे ती पाल्याची. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढ व्यक्तीने दररोज 400 ग्रॅम भाज्या खाव्यात व त्यांपैकी 100 ग्रॅम हिरव्या पालेभाज्या असाव्यात. म्हणजे चार प्रौढांच्या घरात दिवसाला दीड किलोहून अधिक भाजी. उन्हाळ्यातील आठवडी बाजाराचे भाव पाहता हा आकडा अनेकांना अवास्तव वाटेल. तरीही त्याची उपेक्षा परवडणारी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. आधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण 48 टक्के होते. लोहाची कमतरता हे रक्तक्षयाचे एकमेव नसले तरी प्रमुख कारण आहे.

पूर्वी ही भाजी विकत आणावी लागत नसे. ज्वारीच्या पिकात अंबाडीचे तास असत. खुरपणीला गेलेली बाई सायंकाळी परतताना तांदुळजा, पाथरी, घोळ, चिघळ यांनी ओटी भरून आणी. सोयाबीनचा पेरा वाढला, तणनाशकांनी खुरपणीची जागा घेतली आणि त्याबरोबर ही फुकटची भाजीही गेली. आजही बांधावर ती उगवते; मात्र फवारणी झालेल्या शेतातील पाला खाऊ नये, हे आवर्जून सांगितले पाहिजे. कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवांतून या वनस्पतींची नव्या पिढीस ओळख होते, हे स्वागतार्ह आहे.

भाजी मिळाली तरी तिचे सत्त्व टिकणे चुलीपाशी ठरते. पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी. थोड्या पाण्यात झाकण ठेवून शिजवावी. अंबाडी उकडून तिचे पाणी काढतात ते आंबटपणामुळे समजण्यासारखे आहे, पण मेथी किंवा तांदुळजा पिळून पाणी फेकण्याचे काहीच कारण नाही. वनस्पतीतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. जेवताना लिंबू पिळल्यास त्यातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे शोषण वाढते. जेवणानंतर लगेच घेतलेला चहा नेमके उलट करतो.

राहिला पाण्याचा प्रश्न. एप्रिल 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे परसबागेचा आग्रह धरताना तारतम्य हवे. मोरीचे सांडपाणी वळवून एक शेवगा मात्र कोणत्याही अंगणात जगतो. त्याच्या शेंगा सर्वांना ठाऊक आहेत. ‘अ’ जीवनसत्त्व पुरविणारा पाला बहुधा शेळ्यांच्या वाट्याला जातो. ग्रामपंचायतीने अंगणवाडी व शाळेच्या आवारात हातपंपाचे वाया जाणारे पाणी अशा झाडांकडे व वाफ्यांकडे वळविल्यास पोषण आहारास ताजी जोड मिळेल. मेथी पेरणीनंतर साधारण महिन्याभरात काढणीस येते. दिवाळीनंतर शाळेच्या परसबागेत टाकलेला वाफा येळवसेपूर्वीच मुलांच्या ताटात येऊ शकतो.