राजा बोले, दळ थांबे

मराठी शिकविणाऱ्याला म्हणींचा नाद असायचाच. ‘राजा बोले, दळ हाले’ ही म्हण मी वर्गात सांगतो, तेव्हा एखादा चौकस विद्यार्थी हटकून विचारतो, “सर, लोकशाहीतल्या राजाने तर बोलायचेच नसते. मग हा पांढरा हत्ती पोसायचा कशाला?”

ग्रंथोक्त उत्तर वॉल्टर बॅजट ह्या इंग्रज लेखकाने १८६७ साली देऊन ठेवले आहे. राजाचा सल्ला घेतला जावा, त्याने उत्तेजन द्यावे, इशारा द्यावा. राज्य मात्र मंत्र्यांनी करावे. सुकाळात हे उत्तर पुरते. पण राजाची पारख व्हायची ती संकटाच्या घटकेला!

ऑक्टोबर १९२२. मुसोलिनीचे काळ्या सदऱ्यांतले अनुयायी रोमवर चालून निघाले. पंतप्रधान फाक्ता यांनी लष्करी कायद्याचा हुकूम तयार केला. पण राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने सही नाकारली आणि दोन दिवसांत मुसोलिनीलाच पंतप्रधान नेमले. पहारेकऱ्यानेच आतून कडी काढली म्हणायची! १९४६ च्या सार्वमतात इटलीने राजेशाहीच मोडीत काढली.

२१ एप्रिल १९६७ रोजी ग्रीसमध्ये कर्नलांनी बंड केले. सव्वीस वर्षांच्या कॉन्स्टंटाइन राजाने त्यांच्या सरकारला शपथ दिली. डिसेंबरात त्याने उलट उठाव करून पाहिला, तो फसला आणि त्याला रोम गाठावे लागले. १९७४ च्या सार्वमतात तिथलेही सिंहासन गेले.

ह्या कॉन्स्टंटाइनची बहीण सोफिया स्पेनच्या हुआन कार्लोसला दिलेली. हुकूमशहा फ्रँकोने ह्या हुआन कार्लोसला १९६९ मध्ये आपला वारस नेमले होते. १९७५ मध्ये तो गादीवर आला आणि १९७८ च्या घटनेने त्याचे अधिकार नाममात्र उरले. पुढे २३ फेब्रुवारी १९८१ च्या संध्याकाळी लेफ्टनंट कर्नल तेहेरो दोनशेच्या आसपास सशस्त्र शिपाई घेऊन संसदेत घुसला. खासदार ओलीस धरले गेले. व्हॅलेन्सियाच्या रस्त्यांवर रणगाडे आले. बंडवाले राजाच्याच नावाचा आधार घेत होते. राजाने सेनापतींना टेलिफोन केले. मध्यरात्रीनंतर सेनापतीच्या गणवेषात दूरचित्रवाणीवर येऊन त्याने सांगितले, की लोकशाहीचा मार्ग बळाने अडविणे राजमुकुटाला खपणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खासदार सुटले. राजा बोलला आणि दळ थांबले!

इथे टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, पण माझा हात थबकतो. सेनापतींनी राजाचे ऐकले ते घटनेच्या प्रेमापोटी, की तो फ्रँकोने नेमलेला सरसेनापती म्हणून? हुकूमशाहीने लावलेली आज्ञापालनाची सवय त्या रात्री लोकशाहीच्या कामी आली, असेच मला वाटते. शिवाय तीन राजांत कसोटीला उतरला तो एक. आणि त्यानेही २०१४ मध्ये गादी सोडली. पैशांच्या व्यवहारांची चौकशी मागे लागल्यावर २०२० मध्ये देश सोडला.

पण म्हणून आपण प्रजासत्ताकवाल्यांनी मिशीला पीळ देऊ नये. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या कागदावर आपल्या राष्ट्रपतींनी सही केली. तिथे मुकुट नव्हता. आपल्याकडे ती चूक दुरुस्त केली ती १९७७ च्या मतदारांनी. राजाच्या अंगी शहाणपण निघाले तर ते प्रजेचे नशीब. मत हे नशीब नव्हे, हक्क आहे. म्हणून माझा भरवसा मतपेटीवर.