यकृताचा रुग्ण आणि औषधांची एकच वही



जन्मभर मराठी शिकविणाऱ्या माणसाने औषधांविषयी बोलावे, हे कोणासही अनधिकाराचे वाटेल. मी वैद्य नव्हे. परंतु माझ्या थोरल्या बंधूंची औषधे मी सहा वर्षे सांभाळली, आणि त्या काळात माझ्या हातून जी चूक घडली तीच आज मला येथे बोलण्यास प्रवृत्त करीत आहे. इब्रामपूरसारख्या गावात ती कोणत्याही घरी घडू शकते. म्हणून डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवतो.

दादांना यकृताचा सिरॉसिस होता. मधुमेह व रक्तदाब त्याच्या आधीचे, गुडघेदुखी वयाची. प्रत्येक दुखण्याचा डॉक्टर वेगळा आणि प्रत्येकाचा कागदही वेगळा. एका रात्री गुडघा फार दुखू लागला, तेव्हा मी फार्मसीतून वेदनाशामक गोळ्या आणल्या. झोप लागावी म्हणून घरातलीच दुसऱ्या कोणाची तरी झोपेची गोळीही दिली. चौथ्या दिवशी लघवी कमी झाली, पोट फुगले, दादा दिवसा झोपू लागले आणि रात्री असंबद्ध बोलू लागले. बांबोळीला तीन आठवडे काढल्यावर ते घरी परतले. गोळ्या प्रेमाने दिल्या होत्या. पण प्रेमाने दिल्या म्हणून त्या निरुपद्रवी झाल्या नाहीत.

असे का घडले? आतड्यांतून शोषलेले बहुतेक औषध प्रथम यकृतात जाते. तेथे त्याचे रूप पालटते आणि मग ते शरीरभर पसरते. सिरॉसिसमध्ये यकृतात व्रणासारखे कठीण धागे तयार होतात. काही रक्त यकृताला वळसा घालून पुढे जाते आणि कित्येक औषधे शरीरात अधिक काळ रेंगाळतात. झोपेच्या गोळीचा परिणाम त्यामुळे वाढतो. शिवाय यकृताने न गाळलेली द्रव्ये मेंदूपर्यंत पोचून आधीच गुंगी आणत असतात. त्यात या गोळीची भर पडते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके याहून वेगळ्या वाटेने घात करतात. अशा रुग्णाची मूत्रपिंडे काही नैसर्गिक द्रव्यांच्या आधारावर रक्तपुरवठा टिकवून असतात. या गोळ्या तोच आधार काढून घेतात. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांतून रक्तस्राव होण्याचा धोकाही वाढवितात.

गंमत अशी की, लोक ज्या पॅरासिटामोलला भितात, तेच मर्यादित मात्रेत अधिक सुरक्षित ठरते. सिरॉसिसच्या रुग्णास साधारणतः दिवसाला २ ग्रॅमपर्यंत, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्यांपर्यंत मर्यादा सांगतात; उपाशी किंवा कृश रुग्णास त्याहूनही कमी, आणि तीही डॉक्टरांना विचारूनच. सर्दीच्या व अंगदुखीच्या मिश्र गोळ्यांत हेच औषध दडलेले असते, हे मात्र विसरू नये.

दुसरी चूक याच्या उलट असते: यकृताच्या भीतीने आवश्यक औषध स्वतःच थांबविणे. कोलेस्टेरॉलवरील स्टॅटिन किंवा मधुमेहावरील मेटफॉर्मिन ही औषधे आजार आटोक्यात असताना बहुधा चालू ठेवता येतात. तो बळावला, मूत्रपिंडे बिघडली, तर फेरविचार लागतो. रक्तदाबावरील काही गोळ्या पोटात पाणी झाल्यावर बंद कराव्या लागतात. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने रोज सकाळी वजन करावे आणि रक्तातील सोडियम, पोटॅशियम वेळोवेळी तपासून घ्यावे. लॅक्टुलोज दिले असेल तर दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौच व्हावे, हाच त्याचा हेतू असतो. ते पाहून 'जुलाब झाले' म्हणून ते बंद करू नये. जुलाब फारच वाढले, तर डॉक्टरांना विचारून मात्रा कमी करावी.

आपल्याकडे झाडपाल्यावर फार विश्वास. त्यातले ज्ञान मी नाकारीत नाही. पण 'वनस्पती म्हणजे निर्धोक' हे समीकरण खरे नाही. २०२० साली मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांना यकृताचा दाह झाल्याची नोंद डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नाही. वाद तज्ज्ञांनी मिटवावा. यकृताच्या रुग्णाने मात्र काढा घेण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे, एवढे तर निर्विवाद आहे. आणि काजूच्या हंगामातील 'थोडासा हुर्राक' हा अशा रुग्णासाठी थोडासा नसतोच. त्याने मद्य पूर्णच वर्ज्य करावे.

हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी व उपचार २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी व्यवस्थेत मोफत मिळतात. बी विरुद्ध लसही आहे. कुटुंबात कोणास हा आजार असेल, तर इतरांनी तपासून घ्यावे.

दादा घरी आल्यावर मी एक जाड वही घेतली. औषधाचे नाव, मात्रा, वेळ, कोणी दिले, कशासाठी दिले, हे सारे एकाच ठिकाणी लिहिले. काढे आणि मलमेसुद्धा. प्रत्येक डॉक्टरांपुढे आणि फार्मसीत तीच वही ठेवली. शेवटच्या पानावर धोक्याच्या खुणा लिहिल्या: काळे शौच, रक्ताची उलटी, असंबद्ध बोलणे, लघवी घटणे, पोट फुगून ताप येणे. यांपैकी काहीही दिसल्यास त्याच वेळी रुग्णालय गाठायचे. पुढे चार वर्षे दादा आमच्यात होते, आणि औषधाची तशी चूक पुन्हा घडली नाही.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते हजेरीपुस्तकात एकही नाव सोडीत नसत. या शाळेचे विद्यार्थी आज दूरदूर पसरले आहेत. आपण घरी फोन कराल, तेव्हा वडीलधाऱ्यांना 'बरे आहात ना?' एवढेच विचारून थांबू नका. 'औषधांची वही वाचून दाखवा' असेही सांगा. त्या हजेरीतून एकही गोळी सुटता कामा नये.