जुनी व्याधी, नवा अभिघात आणि आपली रुग्णपत्रिका

मोटार अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीस पूर्वीपासूनच कटिशूल, गृध्रसी किंवा जानुसंधिगत वात असेल, तर नुकसानभरपाईचा दावा एकाच प्रश्नापाशी अडतो : आजची विकलता अपघाताची, की जुन्या दुखण्याची? न्यायाधिकरणासमोर विमा कंपनीचे वकील हाच मुद्दा पुढे करतात आणि त्यासाठी कागद मागवितात ते आपल्या चिकित्सालयातील.

निज व आगंतु हा भेद आपणांस नवीन नाही. आगंतु व्याधीत प्रथम व्यथा व नंतर दोषवैषम्य, निज व्याधीत नेमका उलट क्रम, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात सांगितले आहे. परंतु आधीच दुर्बल असलेल्या संधीवर आघात झाला, की काही महिन्यांनी तपासणाऱ्यास दोहोंतील सीमारेषा सापडत नाही. ती दाखवू शकते अपघातापूर्वीची नोंद.

अपघातास जबाबदार असलेल्याने जखमी मनुष्य जसा होता तसाच स्वीकारावयाचा, हे तत्त्व जुने आहे. हाडे ठिसूळ होती म्हणून इजा जास्त झाली, ही सबब चालत नाही. मात्र जी विकलता आधीच होती, तिची भरपाई त्याच्याकडून मागता येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६८ मधील ‘न्याय्य’ भरपाई ठरविताना या दोन्ही बाजू पाहाव्या लागतात.

उदाहरणार्थ, ४२ वर्षांचा हमाल, मासिक कमाई १२,००० रुपये. निरोगी माणसाच्या तुलनेत त्याची कार्यक्षमता ४० टक्के घटलेली. पैकी १० टक्के जुन्या गुडघेदुखीमुळे. उरलेले ३० टक्के धरले तर वार्षिक हानी ४३,२०० रुपये. सरला वर्मा निकालातील (२००९) या वयाच्या १४ या गुणकाने ती ६,०४,८०० होते. (उपचारखर्च, वेदना इत्यादी बाबी निराळ्या.) हिशेब सरळ दिसतो, पण त्यात फसगत आहे. गुडघ्यामुळे तो आधीच कमी ओझी उचलत असेल, तर १२,००० ही त्या घटीनंतरचीच कमाई होय. उरलेल्या ९० भागांतून ३० गेले, म्हणजे एक तृतीयांश. वार्षिक हानी ४८,००० व एकूण ६,७२,०००. एकाच दुखण्याची वजावट दोनदा झाल्याने त्या गरिबाचे ६७,२०० रुपये बुडतात. तो आधी कोणते काम करीत होता, हे कागदावर नसेल तर हा युक्तिवाद करणार तरी कोण?

स्वानुभव सांगतो. माझ्या एका टेम्पोचालक रुग्णाच्या दाव्यात मला साक्षीस बोलाविले. अपघाताच्या दोन वर्षे आधीची माझी नोंद : ‘कटिशूल. महायोगराज गुग्गुळ, १५ दिवस.’ तो बरा होऊन पुन्हा गाडी चालवू लागला होता, हे मला पक्के आठवत होते. पण लिहिलेले नव्हते. ‘बरा झाल्याचे कोठे नमूद आहे?’ या प्रश्नावर मी निरुत्तर झालो. त्याची रक्कम कमी झाली.

तेव्हापासून कोणता संधी, हालचाल किती अंश, रुग्ण किती चालतो, कोणते काम करतो व उपशय केव्हा मिळाला, हे मी लिहितो. अपघातानंतर जुनी नोंद ‘सुधारण्याची’ गळ घालणारे नातेवाईक येतात. त्यांस स्पष्ट नकार द्यावा. खाडाखोड उघडकीस आली, की खरी साक्षही वाया जाते.

विकलतेच्या टक्केवारीचा दाखला देण्याच्या फंदात आपण पडू नये. ते वैद्यकीय मंडळावर सोपवावे. शिवाय शारीरिक विकलतेची टक्केवारी म्हणजे कमाईतील घट नव्हे, ती न्यायाधिकरणाने ठरवावयाची, असे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात बजावले आहे.

औषधविक्रेत्या बंधूंनी बिलावर रुग्णाचे नाव, दिनांक व वैद्याचे नाव अवश्य घालावे. पूर्वीपासून चालू असलेला गुग्गुळ आणि अपघातानंतर सुरू झालेली औषधे यांची बिले वेगवेगळी करावीत. एकत्र बिलातील जुने औषध दाखवून सगळेच बिल संशयास्पद ठरविणे वकिलांस फार सोपे जाते.