ल्युपस रोगातील हृद्विकार आणि प्रतिध्वनिलेखन

‘ल्युपस’ हा शब्द मूळचा लॅटिन असून त्याचा अर्थ ‘लांडगा’ असा आहे. चेहऱ्यावरील व्रण लांडग्याने लचका तोडल्यासारखे दिसतात, या कल्पनेवरून मध्ययुगीन युरोपात हे नाव रूढ झाले. नावात केवळ त्वचेचा निर्देश आहे. रोग मात्र त्वचेपुरता मर्यादित नाही. ज्याला आज सर्वांगव्यापी ल्युपस म्हणतात, त्यात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते आणि सांधे, मूत्रपिंडे, मेंदू यांच्याबरोबर हृदयासही इजा पोचते. दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात व त्यांतील बहुतेकींना हा रोग ऐन तारुण्यात जडतो. या वयात हृद्रोगाची शंका सहसा कोणाच्या मनात येत नाही. ही इजा प्रतिध्वनीच्या साहाय्याने कशी ओळखता येते आणि त्या ओळखीच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. लेखक वैद्यकाचा नव्हे, भाषाविज्ञानाचा अभ्यासक आहे. तथापि चिन्ह आणि अर्थ यांच्या संबंधाचा जो प्रश्न आमच्या शास्त्राच्या मुळाशी आहे, तोच येथे रुग्णाच्या जिवाशी निगडित झालेला दिसतो.

१९२४ साली न्यूयॉर्क येथील इमॅन्युएल लिबमन व बेंजामिन सॅक्स या डॉक्टरांनी हृदयाच्या झडपांवर वाढणाऱ्या, चामखिळीसारख्या उंचवट्यांचे वर्णन केले. हे उंचवटे जंतूंमुळे झालेले नव्हते. त्यांचा ल्युपसशी असलेला संबंध पुढे निश्चित झाला आणि ते आजही या दोघांच्याच नावाने ओळखले जातात. परंतु त्या काळी त्यांचे दर्शन व्हावयाचे ते शवविच्छेदनातच. जिवंत रुग्णाच्या बाबतीत डॉक्टरांचा मुख्य आधार स्टेथॉस्कोप हाच होता.

ही अडचण दूर होण्यास १९५३ साली प्रारंभ झाला. स्वीडनमधील लुंड येथील हृद्रोगतज्ज्ञ इंगे एडलर आणि पदार्थविज्ञ कार्ल हेल्मुट हर्ट्झ यांनी जहाजबांधणीच्या कारखान्यात धातूमधील दोष शोधण्यासाठी वापरले जाणारे ध्वनियंत्र उसने आणले व त्याच्या साहाय्याने धडधडत्या हृदयाचे प्रतिध्वनी टिपले. या तपासणीचे तत्त्व सोपे आहे. सेकंदाला २०,००० हून अधिक कंपने असलेला ध्वनी माणसास ऐकू येत नाही. हृदयाच्या तपासणीसाठी सेकंदाला २० ते ५० लक्ष कंपनांचा ध्वनी वापरतात. मृदू ऊतींतून तो सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो व जेथे ऊतीचा प्रकार बदलतो तेथून अंशतः परततो. परतण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढता येते. अशा असंख्य अंतरांतून पुढे हृदयाचे द्विमितीय चलच्चित्र सिद्ध झाले; आपल्याकडे रुग्ण ज्याला ‘टू-डी इको’ म्हणतात ते हेच. शिवाय वाहत्या रक्तावरून परतणाऱ्या ध्वनीची कंपनसंख्या बदलते व त्यावरून रक्ताचा वेग कळतो. झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला ३ मीटर असेल, तर त्याचा वर्ग करून चाराने गुणावे. येणारे ३६ हे उत्तर म्हणजे झडपेच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरक, पाऱ्याच्या मिलिमीटरांत. उजव्या बाजूच्या त्रिदली झडपेवर हे गणित केल्यास फुप्फुसाच्या रोहिणीतील दाब वाढला आहे किंवा काय, याचा अदमास करता येतो. ल्युपसमधील हा एक गंभीर उपद्रव होय.

ल्युपस हृदयाचा कोणताही थर सोडत नाही. बाहेरील आवरणास सूज येणे हा त्यातला सर्वांत नित्याचा प्रकार. आवरणात साचलेला द्रव प्रतिध्वनी परत पाठवीत नाही, म्हणून चित्रात तेथे काळी पट्टी दिसते. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अशा द्रवसंचयास ५ गुण दिलेले आहेत. विशिष्ट प्रतिपिंडे आढळलेल्या रुग्णास ल्युपसच्या वर्गात बसविण्यास एकूण १० गुण लागतात. मधला स्नायूचा थर दुर्बळ झाल्यास आकुंचनाच्या मापनावरून ते कळते.

परंतु सर्वांत विचार करावयास लावणारा भाग झडपांचा आहे. अन्ननलिकेतून नळी घालून हृदयाच्या मागील बाजूने तपासणी केल्यास झडपा अधिक स्पष्ट दिसतात. १९९६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६९ ल्युपसरुग्णांची अशी तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ६१ टक्के रुग्णांच्या झडपांत दोष आढळला. ५१ टक्क्यांत झडप जाड झालेली होती, ४३ टक्क्यांत उंचवटे होते, तर रक्त मागे गळण्याचा दोष २५ टक्क्यांतच होता. या आकड्यांतील अंतर लक्षणीय आहे. स्टेथॉस्कोपला ऐकू येतो तो रक्तप्रवाहातील खळबळीचा आवाज. झडप जाड झाली पण गळू लागली नाही, तर आवाज होत नाही. रोगाच्या तीव्रतेशी वा कालावधीशीही या दोषांचा मेळ बसला नाही. म्हणजे आवाज नाही, सांधे दुखत नाहीत, तरीही झडपेवर उंचवटा आहे, असे घडू शकते. त्याचा तुकडा सुटून मेंदूकडे गेला, तर अंगावरून वारे जाणे हीच त्या तरुण स्त्रीच्या हृद्रोगाची पहिली खूण ठरते. चिन्हाचा अभाव म्हणजे अर्थाचा अभाव नव्हे, हे येथे पुरेपूर पटते.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जंतुसंसर्गानेही झडपेवर असेच उंचवटे येतात आणि केवळ चित्रावरून दोहोंत निश्चित भेद करता येईलच असे नाही. उपचार मात्र परस्परविरोधी आहेत. एकीत संरक्षणयंत्रणेला आवर घालणारी व रक्त गोठू न देणारी औषधे विचारात घ्यावी लागतात. दुसरीत जंतुनाशकांची निकड असते, आणि तेथे केवळ संरक्षणयंत्रणा दुर्बळ केल्यास जंतूंना मोकळे रान मिळते. सबब ताप, रक्तातील जंतूंची तपासणी, रक्त गोठण्यास कारण होणारी प्रतिपिंडे यांच्या संदर्भातच चित्राचा अर्थ लावावा लागतो. समरूप शब्दांचा अर्थ वाक्यावाचून ठरत नाही, तसेच हे आहे.

आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांतील अरुंदपणा विश्रांतीच्या स्थितीतील या तपासणीत सहसा दिसत नाही. १९९७ च्या एका अमेरिकन अभ्यासात ३५ ते ४४ वयाच्या ल्युपसग्रस्त स्त्रियांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण त्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या ५० पटींहून अधिक आढळले. तेव्हा ‘इको चांगला आला’ या वाक्याचा अर्थ जे पाहिले ते चांगले आहे, इतकाच घ्यावयाचा. छातीत दुखत असताना त्या वाक्यावर विसंबून घरी बसणे धोक्याचे होय.

सारांश, या तंत्राने मूक रोगास वाचा फुटली हे खरे. पण ती वाचा ऐकणाऱ्याने संदर्भ सोडता कामा नये. कारण येथे अर्थाची चूक झाली तर ती वहीत नव्हे, माणसाच्या आयुष्यात होते.