माशाला वेदना होते काय?

चंदीगडच्या वेशीला लागून, पंजाब राज्याच्या हद्दीत झिरकपूर हे गाव आहे. अंबाला आणि पतियाळा यांकडून येणारे रस्ते येथे मिळतात व जवळूनच घग्गर नदी वाहते. एके काळचे हे लहान गाव आता उंच इमारतींचे शहर झाले आहे. ज्या घरात कुत्रा किंवा गाय पाळण्यास जागा नाही, त्या घरात काचेची पेटी मात्र सहज मावते. तीत चारदोन सोनमासे किंवा एखादा झुपकेदार शेपटीचा मासा सोडला की मुलांना करमणूक होते आणि दिवाणखान्यास शोभा येते.

परंतु या प्रदेशाचे हवामान कठोर आहे. मे-जून महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, तर जानेवारीतील रात्री तो पाच अंशांच्या आसपास उतरतो. मनुष्य उन्हाळ्यात पंखा लावतो व थंडीत रजई ओढून घेतो. पेटीतील माशाला यांपैकी काहीच करता येत नाही. तो तळाशी निश्चल पडून राहतो, किंवा पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करीत राहतो. अशा वेळी पाहणाऱ्याच्या मनात प्रश्न उभा राहतो: या जीवाला काही दुखत असेल काय? मासा ओरडत नाही, त्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही, त्याचा चेहरा बदलत नाही. म्हणून त्याला वेदना नाहीच, असे समजण्याची फार जुनी सवय मनुष्यास आहे. ती कितपत योग्य आहे, हे पाहिले पाहिजे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. तापलेल्या तव्याला हात लागताच तो आपण झटकन मागे घेतो. ही क्रिया मज्जारज्जूच्या द्वारे घडते आणि वेदनेची जाणीव मेंदूत त्यानंतर होते. तेव्हा इजा ओळखून अंग मागे घेणे ही एक गोष्ट आणि ‘दुखते आहे’ असा अनुभव येणे ही दुसरी. गळाला लागलेला मासा तडफडतो, एवढ्यावरून त्याला वेदना होते असे सिद्ध होत नाही. त्यासाठी अधिक काटेकोर पुरावा हवा.

असा पुरावा शोधण्याचा महत्त्वाचा प्रयत्न स्कॉटलंडमधील एडिंबरोजवळील रॉझलिन संस्थेत झाला. लिन स्नेडन, व्हिक्टोरिया ब्रेथवेट आणि मायकेल जेंटल या संशोधकांनी आपले निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध केले. त्यांनी इंद्रधनुषी ट्राउट जातीच्या माशाच्या डोक्यावरील व तोंडावरील ५८ संवेदनाग्राहकांची तपासणी केली. त्यांपैकी २२ ग्राहक इजा ओळखणारे, म्हणजे मनुष्याच्या त्वचेतील वेदनाग्राहकांसारखे काम करणारे आढळले. पुढे काही माशांच्या ओठांत मधमाशीचे विष किंवा सौम्य आम्ल टोचण्यात आले, काहींना निरुपद्रवी मिठाचे पाणी टोचले, तर काहींना केवळ हाताळून सोडून दिले. हाताळलेले आणि मिठाचे पाणी टोचलेले मासे सुमारे ८० मिनिटांनंतर खाऊ लागले. विष अथवा आम्ल टोचलेल्या माशांनी मात्र जवळजवळ ३ तास अन्नाला तोंड लावले नाही. त्यांचा श्वासोच्छ्वास वाढला, ते तळाशी बसून डोलू लागले, आणि आम्ल टोचलेले मासे आपले ओठ खडीवर घासू लागले. मॉर्फीन दिल्यावर ही लक्षणे कमी झाली. मॉर्फीन हे वेदनाशामक आहे. जेथे वेदना नाही तेथे ते शमवील काय?

आणखी एका प्रयोगात पाण्यात रंगीत ठोकळ्यांचा मनोरा ठेवण्यात आला. ट्राउट हा नव्या वस्तूपासून दूर राहणारा मासा आहे. आम्ल टोचलेले मासे मात्र मनोऱ्याच्या जवळ जात राहिले. जणू त्यांचे लक्ष दुसरीकडेच गुंतले होते. मॉर्फीन मिळाल्यावर त्यांची नेहमीची सावधता परत आली. झेब्रा माशांवरील प्रयोगही असाच बोलका आहे. या माशांना वनस्पती व खडे असलेला कप्पा आवडतो आणि ओका कप्पा आवडत नाही. पण आम्ल टोचल्यानंतर ओक्या कप्प्याच्या पाण्यात वेदनाशामक औषध मिसळले, तेव्हा ते आपल्या आवडीची जागा सोडून तेथे जाऊन राहिले. केवळ प्रतिक्षिप्त क्रियेने अशी निवड घडत नाही.

तथापि सर्व शास्त्रज्ञांचे यावर एकमत नाही. अमेरिकेतील जेम्स रोझ यांनी २००२ साली असे प्रतिपादन केले की, मनुष्यास वेदनेची जाणीव मेंदूच्या बाह्यकामुळे होते आणि तसा बाह्यक माशाला नाही. ऑस्ट्रेलियातील ब्रायन की यांनीही २०१६ साली याच स्वरूपाचा युक्तिवाद केला. शिवाय मंद वेदना वाहून नेणारे सूक्ष्म चेतातंतू माशांत सस्तन प्राण्यांहून फारच कमी असतात. हे आक्षेप उडवून लावण्यासारखे नाहीत. परंतु पक्ष्यांनाही आपल्यासारखा सहा थरांचा बाह्यक नसतो, तरी पक्ष्याला वेदना होत नाही असे म्हणण्यास आज फारसे कोणी धजणार नाही. एकच कार्य निरनिराळ्या रचनांकडून होऊ शकते. पंखाची घडण वटवाघळाची वेगळी आणि कावळ्याची वेगळी, पण उडतात दोघेही. २०२४ साली न्यूयॉर्क येथे अनेक शास्त्रज्ञांनी व तत्त्वज्ञांनी सही केलेल्या घोषणापत्रात, माशांसह सर्व पृष्ठवंशीय प्राण्यांना जाणीवयुक्त अनुभव असण्याची वास्तव शक्यता आहे, असे नमूद केले आहे. ‘निश्चित आहे’ असे म्हटलेले नाही, हेही लक्षात ठेवावे.

मग निर्णय लागेपर्यंत पाळणाऱ्याने काय करावे? येथे हिशेब सोपा आहे. माशाला वेदना होत नसेल आणि तरी आपण काळजी घेतली, तर थोडे श्रम व थोडा पैसा खर्च होईल. वेदना होत असेल आणि आपण काळजी घेतली नाही, तर एका मुक्या जीवाचा छळ आपल्या हातून वर्षानुवर्षे होईल. भारताच्या कायद्याने हा प्रश्न शास्त्रज्ञांच्या वादावर सोडलेला नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा मनुष्येतर प्रत्येक सजीवाला ‘प्राणी’ मानतो, आणि ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या सुस्थितीची वाजवी तजवीज करावी व अनावश्यक यातना टाळाव्यात, असे कर्तव्य घालून देतो.

हे कर्तव्य मुख्यतः पाण्याविषयीचे आहे. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. लहान गोल भांड्यात तो साचतो आणि माशाचे कल्ले पोळतात. मोठ्या पेटीत, गाळणीवर वाढणारे जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर बऱ्याच सौम्य अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू वाढण्यास काही आठवडे लागतात. म्हणून नव्या पेटीत एकदम पुष्कळ मासे सोडू नयेत. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मासे व जिवाणू दोघांसही घातक असल्याने ते आधी काढून टाकावे. सगळे पाणी एकदम न बदलता थोडे थोडे बदलावे.

दुसरी गोष्ट तापमानाची. १० अंश उष्णतेच्या गोड्या पाण्यात दर लिटरला सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. झिरकपूरच्या उन्हाळ्यात मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात, त्याचे एक कारण हेच होय. तेव्हा हवेचा पंप अखंड चालू ठेवावा आणि पेटी उन्हात ठेवू नये. हिवाळ्यात उष्ण प्रदेशातील माशांसाठी विजेचा तापक लागतो. सोनमासा मात्र थंड पाणी सहन करतो. त्याला हवी असते ती प्रशस्त जागा, कारण तो वीतभर वाढतो आणि दहा वर्षांहूनही अधिक जगू शकतो. काचेवर टिचक्या मारू नयेत. माशाच्या अंगावरील पार्श्वरेषेला पाण्यातील लहानसे कंपनही जाणवते. कंटाळा आला म्हणून मासे घग्गरमध्ये सोडणे ही भूतदया नव्हे. परदेशी मासा तेथे मरतो, किंवा तगला तर स्थानिक माशांचे अन्न हिरावून घेतो.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. मुंबईच्या समुद्रकाठी १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले. पुढे अनेक दशके शाळकरी मुलांनी तेथे काचेपलीकडील जिवंत मासा प्रथम पाहिला. त्याहून जुनी परंपरा रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात आहे. तेथील वाळण कोंड या डोहातील मोठमोठ्या महसीर माशांना देवीच्या नावाने अभय आहे आणि लोक त्यांना मारीत नाहीत. मासा दुखावतो की नाही, हा प्रश्न त्या लोकांनी प्रयोगशाळेत नेला नव्हता. आपल्या आश्रयास असलेल्या जीवाला इजा करू नये, एवढेच त्यांनी मानले होते. झिरकपूरच्या दिवाणखान्यातील काचेची पेटी हाही एक लहानसा डोहच आहे. त्यातील माशाला स्वतःचे पाणी निवडता येत नाही. ते त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी निवडलेले असते.