विटा कॉम्प्युटरातल्या, फाइल कोणाची?

आमच्या विंगमध्ये एक लाल ट्रस ब्रिज उभा आहे. त्यावर धूळ बसत नाही आणि त्याला एक पैसाही खर्च आलेला नाही, कारण तो लॅपटॉपमध्ये आहे! खऱ्या लेगोच्या विटा हॉस्टेलच्या बजेटमध्ये बसत नाहीत हे सांगायला नको. पण जोडायची हौस मात्र फुकटात भागते. पूल बघायला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "कोणतं सॉफ्टवेअर वापरलंस रे?" म्हटलं, एकदाच लिहून टाकावं.

मित्रांनो, उत्तराआधी थोडा इतिहास. लेगो कंपनीचं स्वतःचं 'लेगो डिजिटल डिझायनर' हे मोफत सॉफ्टवेअर होतं. वापरायला एकदम सोपं. वीट जवळ नेली की जागेवर बसायची, दुसऱ्या विटेत घुसवू म्हटलं तर घुसू द्यायचं नाही. २००५ पासून तर आपलं डिझाइन कंपनीला पाठवून त्याच्या विटा मागवायचीही सोय होती. ती २०१२ मध्ये बंद झाली. २०१६ मध्ये सॉफ्टवेअरमध्ये नवी भर घालणं थांबलं आणि २०२२ मध्ये ते निवृत्तच झालं. मग ज्यांची वर्षानुवर्षांची मॉडेल्स त्याच्या 'एलएक्सएफ' फाइलींत होती त्यांनी काय करायचं? नशीब एवढंच, की ही फाइल म्हणजे आतून झिप केलेलं एक्सएमएल असतं, त्यामुळे दुसऱ्या सॉफ्टवेअरला ती वाचता येते.

आता याच्या बरोब्बर उलटी गोष्ट. जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन तरुणाने १९९५ मध्ये डॉसवर चालणारा 'एलड्रॉ' हा प्रोग्रॅम लिहिला. १९९७ मध्ये, ऐन तरुणपणी, तो गेला. डॉसही गेलं. पण त्याने ठरवलेली फाइलची पद्धत आजही चालू आहे, आणि जगभरचे हौशी लोक बिनपैशाने एकेक पार्ट मोजून त्याच्या लायब्ररीत भर घालताहेत. का टिकली ती? कारण ती साधी टेक्स्ट फाइल आहे. नोटपॅडमध्ये उघडली तर एक ओळ अशी दिसते (आकडे मी देवनागरीत घातलेत):

१ ४ ० -२४ ० १ ० ० ० १ ० ० ० १ ३००१.डॅट

पहिला १ म्हणजे 'इथे एक पार्ट ठेव'. ४ म्हणजे लाल रंग. पुढचे तीन आकडे एक्स, वाय, झेड. नंतरचे नऊ म्हणजे रोटेशन मॅट्रिक्स! इथे आयडेंटिटी आहे, म्हणजे वीट फिरवलेली नाही. (फर्स्ट इयरला घोकलेला मॅट्रिक्स अखेर कुठेतरी कामाला आला.) ३००१ ही आपली नेहमीची दोन बाय चारची वीट. एक युनिट ०.४ मिलिमीटरचं. विटेची उंची ९.६ मिलिमीटर, म्हणून २४. आणि इथे वाय अक्ष खाली धावतो, म्हणून उणे २४ म्हणजे एक वीट वर. ड्रॉइंगच्या सरांना हे सांगू नका.

एवढं कळलं की निवड सोपी होते. विंडोज किंवा मॅक असेल आणि पुढेमागे मॉडेल हाताने जोडायचं असेल, तर 'ब्रिकलिंक स्टुडिओ' घ्या. ब्रिकलिंक ही सुट्या विटांच्या खरेदी-विक्रीची साइट, २०१९ मध्ये लेगोनेच विकत घेतली. डिजिटल डिझायनरची जागा आता स्टुडिओने घेतली आहे आणि त्याच्या जुन्या फाइलीही यात येतात. विटा एकमेकांत घुसल्या तर हे सांगतं, कुठला जोड कच्चा आहे ते दाखवतं, जोडणीचं पुस्तकही करून देतं. तेही मोफत.

लिनक्सवाल्यांनी 'लिओकॅड' घ्यावं. ओपन सोर्स आहे आणि थेट एलड्रॉच्या फाइलवर काम करतं. माझं मत विचाराल तर शिकायला हेच बरं, कारण पार्ट कुठे ठेवायचा याचा विचार आपल्यालाच करावा लागतो.

पण त्यात एक धोका आहे, आणि तो मी अनुभवलाय. गॅदरिंगसाठी वर्गणी काढून हा पूल खराखुरा उभा करायचं ठरलं होतं. मी असल्याच एका साध्या प्रोग्रॅममध्ये तो ऐटीत बनवला. ऑर्डरच्या आदल्या रात्री पार्टची यादी तपासली, तर मी लाल रंगवलेला एक पार्ट लालमध्ये कधी निघालेलाच नाही! शिवाय दोन तिरके बीम एकमेकांत अर्धे घुसलेले. स्क्रीनवर छान, हातात अशक्य. चूक सर्वस्वी माझी. वर्गणी परत करताना जे ऐकावं लागलं ते छापण्यासारखं नाही.

त्यानंतर तोच पूल मी स्टुडिओत उघडून दुरुस्त करायला घेतला. एलड्रॉची फाइल होती, म्हणून पुन्हा पहिल्यापासून जोडावा लागला नाही. स्टुडिओ स्वतःच्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करतो, तेव्हा आता दर रविवारी एक कॉपी एलड्रॉमध्ये एक्स्पोर्ट करून विंगच्या कॉमन फोल्डरमध्ये टाकतो. डाव्या बाजूचे तीन जोड अजून कच्चे आहेत. कोणाला हात लावायचा असेल तर फाइल तिथेच आहे. सॉफ्टवेअर टाकायचा कंटाळा आला तर नोटपॅडमध्ये उघडा.