सहस्रकुंडाच्या कातळात पाणी कसे फसवते?

नांदेडपासून सुमारे १०० किलोमीटरवर, किनवट तालुक्यातील इस्लापूरजवळ पैनगंगा काळ्याभोर कातळावरून खाली कोसळते. अलीकडे मराठवाडा, पलीकडच्या मुरली गावाच्या काठावर विदर्भ. परशुरामाच्या बाणाने येथे खडक फुटला अशी आख्यायिका आहे आणि त्यावरून या नदीला बाणगंगा असेही म्हणतात. पावसाळा सुरू झाला की नांदेड-लातूरकडील गाड्यांची येथे रीघ लागते. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील माणसाचा पाय असे खळाळते पाणी पाहून काठावर थांबत नाही, यात नवल नाही. अडचण तेथूनच सुरू होते.

सहस्रकुंड पाहावे ते खरे तर पावसाळा ओसरल्यावर. धारा बारीक झाल्या की पात्रातला कातळ उघडा पडतो आणि त्यावरून पायी हिंडता येते. हा दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला. त्यात जागोजागी गोल, गुळगुळीत खळगे दिसतात. पुराच्या भोवऱ्यात सापडलेला गोटा एकाच जागी गरगर फिरत राहतो आणि जात्यासारखा खडक झिजवतो. त्यातून रांजणखळगे तयार होतात. नगर जिल्ह्यातील निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रातील कुंडे याच प्रकारची आहेत.

मात्र हे खळगे वरून जेवढे दिसतात, तेवढेच आत असतील असे नाही. तोंड अरुंद आणि पोट रुंद, अशी त्यांची घडण असू शकते. गढूळ पाण्यात तळ दिसत नाही, शेवाळलेल्या भिंतीला हात टिकत नाही. मराठवाड्यातील बहुतेक जण पोहायला शिकतात ते विहिरीत, पाठीला वाळका भोपळा किंवा डबा बांधून. विहिरीचे पाणी स्थिर असते, चढून यायला पायऱ्या असतात. धबधब्याखालच्या डोहात यातले काहीच नसते. कोसळणारी धार तळाशी जाऊन पुन्हा स्वतःकडेच वळते आणि पोहणाऱ्याला मागे, धारेखाली खेचते. शिवाय फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने ते माणसाला नेहमीसारखे तोलून धरत नाही. पट्टीचा पोहणाराही येथे हतबल होतो तो यामुळे.

दुसरा धोका डोळ्यांना दिसतच नाही. सहस्रकुंडाचे पाणी सहस्रकुंडाच्या आभाळातून येत नाही. वरच्या अंगाला इसापूर धरण आहे; ते भरल्यावर दरवाजे उघडले जातात. हिंगोलीकडून येणारी कयाधू नदीही वरच पैनगंगेला मिळते. म्हणजे इस्लापुरात ऊन पडलेले असताना हिंगोली जिल्ह्यातल्या पावसाने येथील पातळी वाढू शकते. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील अँटिलोप कॅन्यन या वाळवंटी घळीत १२ ऑगस्ट १९९७ रोजी ११ पर्यटक मरण पावले, ते काही मैल दूर झालेल्या वादळी पावसाच्या लोंढ्याने. आपल्याकडे लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी प्रवाह अचानक वाढला आणि एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पाण्याच्या मधोमध ते एकमेकांना धरून उभे होते. ते दृश्य अनेकांनी मोबाइलवर पाहिले असेल.

तेव्हा जाण्यापूर्वी इसापूरच्या विसर्गाची बातमी पाहावी आणि हिंगोलीत पाऊस किती झाला तेही विचारावे. पाणी एकाएकी गढूळ झाले, त्यात काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला किंवा वरून घरघर ऐकू आली, तर सामान आवरत न बसता काठ गाठावा. पात्राच्या मधल्या खडकावर जेवणाचे डबे उघडून बसण्याची आपली हौस पावसाळ्यात तरी आवरलेली बरी. चपला घसरतात, पकड असलेले बूट हवेत. बुडणाऱ्यामागे उडी टाकण्यापेक्षा त्याच्याकडे दोर, ओढणी, लांब काठी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेकावा.

मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावर सहस्रकुंड नावाचे स्थानकही आहे, त्यामुळे मोटार हवीच असे नाही. आणि पाण्यात उतरल्याशिवाय सहल पुरी होत नसेल, तर किनवट तालुक्यातच उनकेश्वर आहे. तेथे गरम पाण्याचे झरे असून स्नानासाठी बांधीव कुंडे आहेत.